प्रवरेकाठून वांगणीला

संगमनेर, २२ जून

तीर्थरूप अप्पा,

कल्याणहून निघालेली एस.टी. मुरबाड सोडेपर्यंत पावसात होती. माळशेजला धुकं इतकं, की ड्रायव्हरने दिवे लावले. घाट मागे पडला आणि ओतूरला चहाला उतरलो, तर रस्त्यावर धुरळा! आपल्याकडं वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस; इथं जेमतेम चार-पाचशे. ढग सह्याद्रीच्या पश्चिमेलाच रिते होतात.

निघताना तुम्ही म्हणालात, "जुनी गावं बघायला घाट कशाला चढायचा? उल्हास नदी दारात आहे की." तोच प्रश्न घेऊन फिरतोय. आपल्या पंचक्रोशीत जुनं म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर, इ.स. १०६० चं. इथून जवळच्या जोर्व्याची वस्ती त्याहून दोन-अडीच हजार वर्षांनी जुनी. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं. चाकावर घडवलेली, तांबड्या लेपावर काळी नक्षी असलेली खापरं निघाली, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. तशीच खापरं पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली आणि त्या साऱ्या काळाला जोर्वे संस्कृती हे नाव पडलं. आता पांढरीच्या टेकाडाभोवती ऊस आहे.

उल्हास आणि प्रवरा, दोघींचा उगम सह्याद्रीतच. आपली पश्चिमेला वसईच्या खाडीकडे पळते. प्रवरा रतनगडावरून पूर्वेला निघते, प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते आणि तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं.

श्रीरामपूर, २४ जून

ती. अप्पा,

आज दायमाबाद. गाव उजाड आहे, पण प्रवरेच्या डाव्या काठावरचं टेकाड केवढं तरी मोठं. १९५८ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बोपर्डीकरांनी ते हेरलं. खात्याचं काम १९७९ पर्यंत अधूनमधून चाललं. इ.स.पू. २००० च्या सुमाराची हडप्पा वळणाची वस्ती इथं मिळाली, सिंधू लिपीची चिन्हं असलेली खापरं मिळाली. हडप्पा संस्कृतीचं इतक्या दक्षिणेला दुसरं ठिकाण माहीत नाही.

१९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना इथंच धातूच्या चार मूर्ती हाती आल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा माणूस. चारही मिळून साठ किलोंच्या वर, आतून भरीव. शास्त्रशुद्ध खोदकामात न सापडल्याने त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण एवढं तांबं आणायचं, वितळवायचं, ओतायचं, म्हणजे कारागिराला बसवून खाऊ घालण्याइतकं धान्य कुणाच्या तरी घरी शिल्लक होतं.

हे जादा धान्य आलं कुठून? इजिप्तचा नकाशा आठवा. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच. नाईलला पूर येई तो इथिओपियाच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा, आणि तोही आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत. इराकातल्या टायग्रिस-युफ्रेटिसला तुर्कस्तानच्या डोंगरांचं पाणी. प्रवरेचंही तेच, फक्त लहान मापात. पाऊस पडतो रतनगड-घाटघरला, शेतं असतात कोरड्या काळ्या मातीत. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ते सगळं याच डोंगराच्या पाण्यावर.

त्या काळी उल्हासचं पाणी धरून ठेवायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे तुम्ही पाहिलंय. असल्या पावसात मातीच्या भिंती किती टिकणार? आणि दाट रानाला तांब्या-दगडाच्या कुऱ्हाडी किती पुरणार?

शिरूर, २७ जून

ती. अप्पा,

घोड नदीवरचं इनामगाव पाहिलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथं मिळालं. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी इथं खणलं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा गावाचा काळ. चौकोनी घरं, मधून वाटा. पुराचं पाणी वळवून घ्यायला खोदलेला पाट आणि त्याला बांध. मुख्य पीक बार्ली. प्रमुखाचं म्हणतात ते घर पाच खोल्यांचं आणि त्याच्या शेजारी कोठार. लेकरं दगावली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातल्याच जमिनीखाली पुरत.

आपल्या खाचरांनाही बांध असतात, पण पाऊस प्रत्येकाच्या शेतात आपापला पडतो, त्यासाठी कुणाच्या दारी जावं लागत नाही. पाटाचं पाणी तसं नाही. तो एकट्याने खोदता येत नाही, आणि आधी कुणाचं शेत भिजवायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. मग ठरवणारा येतो, त्याचं कोठार येतं, मोजमाप येतं, भांडणं मिटवणं येतं. नाईलकाठी त्याचं साम्राज्य झालं, घोडकाठी एवढंच गाव झालं. माणसं एकत्र बांधली गेली ती पाण्याच्या टंचाईने.

पण व्यवस्थेलाही मर्यादा होती. इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, गुरं आणि शिकार यांवर भार वाढला. ७०० च्या सुमाराला गाव उठलं. ढवळीकरांच्या मते कारण वाढत गेलेलं अवर्षण.

आपल्या बाजूचे दिवस फिरले ते पुढे, समुद्राच्या व्यापाराने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-वृत्तांतात कल्याण बंदराचं नाव आहे, आणि घाटावरचा माल नाणेघाटातून तिथं उतरत असे. म्हणून परतताना जुन्नरवरून नाणेघाट उतरणार आहे. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण बघायचाय.

इथले शेतकरी बाजरीच्या पेरणीसाठी आभाळाकडं बघतायत. आपलं रोप लावणीला आलं असेल. मजुरांचं मी आल्यावर बघू, तोवर वरच्या खाचरातलं जादा पाणी काढून द्या.

आपला,
बाळू