टेम्पो घ्यायचा की ट्रॉली करायची?

आमच्या वडिलांच्या काळात पवन मावळातून खेडच्या यात्रेला शर्यतीचे बैल चालत जायचे. आदल्या दिवशी पोचायचं, झाडाखाली चूल मांडायची, बैलांना रात्रभर विसावा द्यायचा. आता तसं कोणी नेत नाही. घाटात बारी सेकंदावर मोजतात. चालून दमलेला बैल निशाणाला पोचेल, पण घड्याळात मागं पडेल.

२०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ला त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि आमच्या घरात वाद सुरू झाला. पुतण्या म्हणाला, "तात्या, टेम्पोच घेऊ. मागं बैल, वर टपावर फळ्या टाकून आपली झोपायची सोय. हप्ता फेडू की." पवना धरणाकडं येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या तो बघत होता. आत पलंग, शेगडी, सगळं. सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅनचं धोरणही काढलं होतं. लोणावळ्याला हौशी माणूस चाकांवर घर घेऊन येतो, मग आपण का नाही, असं त्याचं म्हणणं.

माझं म्हणणं निराळं. ट्रॅक्टर दारात आहे, ट्रॉलीला कमानी लावून ताडपत्री टाकू. मुक्कामाला ट्रॉली सोडून ठेवली की ट्रॅक्टर मोकळा. रात्री पाणी आणायचं, वैरण आणायची, डॉक्टरला बोलवायला जायचं, तर चूल आणि अंथरुणं हलवावी लागत नाहीत. टेम्पोत घर केलं की टेम्पो हलला म्हणजे घरच हललं.

पण बैलांचं काय? इथं पुतण्याचं खरं होतं. आमच्या ट्रॉलीला पाटे नाहीत. खड्ड्यातला दणका थेट बैलाच्या खुरात बसतो. एक्स्प्रेसवेवर ट्रॅक्टरला बंदी, म्हणून कामशेत, वडगाव, तळेगाव करत जुन्या रस्त्यानं चाकणकडं जायचं. तेवढा वेळ बैल तोल सांभाळत उभा राहिला तर पाय भरून येणारच. टेम्पोत निम्म्याहून कमी वेळ लागतो.

जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे आहेत. एका मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, सोबत माणूस पाहिजे, तोंड शक्यतो इंजिनाकडं, आणि त्याच गाडीत दुसरा माल नको. हे नियम वाचले नसते तरी जनावर पाळणाऱ्याला पटतील असेच आहेत. बैलांच्या पायात पातेली आणि गाद्या कशाला?

मग हिशोब मांडला. बंदी साडेसात वर्षं चालली. त्या काळात कितीकांनी बैल विकले. दावणीचा बैल विकता येतो, पण गाडीचा हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो. ट्रॉलीनं त्या वर्षांत शेणखत ओढलं, भाताची पोती ओढली, विटा ओढल्या. यात्रा नसताना जे वाहन पोट भरतं, तेच शेतकऱ्यानं स्वतःचं करावं. १८ मे २०२३ला घटनापीठानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तरी माझं मत तेच राहिलं.

शेवटी असं ठरलं : बैल भाड्याच्या टेम्पोत, घर ट्रॉलीत. पुतण्याची तक्रार होती की यात्रेत टेम्पो मिळत नाही, आणि मिळाला तर ड्रायव्हर घाई करतो, घामेजलेले बैल तसेच चढवायला लावतो. म्हणून आमच्या गाड्याला ज्यांचे बैल जुंपतात त्या दुसऱ्या घराशी बोललो. दोघांत मिळून पौषातच टेम्पो सांगून ठेवतो आणि मुक्कामासकट भाडं बोलतो. ट्रॅक्टर आदल्या दिवशी उजेडात निघतो. ट्रॉलीत फक्त सामान, माणसं येष्टीनं.

यात कारभारणीचाही विचार होता. टपावरच्या फळीवर पोरं झोपतील, बाईमाणसानं कुठं पाठ टेकायची? ट्रॉलीची ताडपत्री सोडली की आडोसा होतो. ती आली म्हणजे बैलांना कोमट पाणी आणि आम्हाला गरम भाकरी मिळते, आणि बारी बघायचा हक्क तिलाही आहेच. बैलांचं शेणघाण वर्षभर तीच काढते.

पुतण्या अजून जुन्या टेम्पोंच्या किमती विचारत असतो. विचारू दे. भाताचे पैसे साठवून, बिनकर्जाचा आणला तर पहिला नारळ मीच फोडीन.