स्वेटरच्या आतला क्रूस



आमची थोरली लेक गोवा विद्यापीठात फ्रेंच शिकली. शिकवणं आपल्याला जमेल का, हे तिला पाहायचं होतं. म्हणून ती ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने फ्रान्सला गेली. लिमोजजवळच्या एका सरकारी शाळेत आठवड्याला १२ तास मुलांना इंग्रजीत बोलतं करायचं, एवढंच काम.

निघताना आम्ही दोघांनी तिच्या दृढीकरणाचा क्रूस तिच्या गळ्यात घातला. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मम्मी-पप्पा, शाळेत क्रूस स्वेटरच्या आत ठेवावा लागतो." फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळं झालं. सरकारी शाळेत शिकवणाऱ्याने आपला धर्म, कोणताही असो, दिसू द्यायचा नाही.

खरं सांगतो, आम्हांला ते लागलं. आम्ही इतकी वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो आणि आमच्याच मुलीने प्रभूला लपवायचं? "मग परत ये," असंही आम्ही बोलून गेलो.

ती आली नाही. पण वर्गात मुलं तोंड उघडेनात. चुकलो तर सगळे हसतील, ही भीती. ती जितकं विचारी, तितकी ती गप्प. नोव्हेंबरात ती फोनवर रडली.

मग एके दिवशी तिने मुलांना सांगितलं, "आज माझं फ्रेंच तुम्ही सुधारा." ती बोलताना चुकली. मुलं हसली, तीही हसली. मागच्या बाकावरच्या मुलाने तिची चूक दुरुस्त केली आणि मग आजोबांच्या गाईंबद्दल मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. त्या वर्षातली त्याची पहिलीच.

हे ऐकून आम्हांला अम्माऊसची वाट आठवली. प्रभूने तिथे आधी आपलं नाव सांगितलं नाही. तो सोबत चालला, त्याने विचारलं, ऐकून घेतलं. ओळख पटली ती भाकर मोडताना.

आमच्या रविवारच्या वर्गात उत्तर चुकलं की आम्ही लगेच पुढच्या मुलाकडे वळतो. गेल्या रविवारी थांबलो. नेहमी मान खाली घालून बसणारी एक मुलगी बऱ्याच वेळाने बोलली. उत्तर चुकलंच होतं, पण ती बोलली.

प्रभो, तुझा क्रूस आमच्या गळ्यात दिसो वा न दिसो, आमच्या वागण्यात दिसू दे. आमेन.