वूफरचा डबा आणि शेजारची भिंत

आपल्या समाजातल्या पोरांविषयी लिहिताना गॅरेजचा उल्लेख हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो कीव करण्यासाठीच येतो. दहावीत गणित राहिले, शाळा सुटली, हातात पान्हा आला. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचे नोंदवले आहे. हे खरे आहे आणि त्याची चिंता करायलाच हवी. पण त्या गॅरेजमध्ये पोरगा नेमके काय शिकतो, हे आपण शिकलेल्या लोकांनी आत जाऊन फारसे पाहिलेले नाही. माझ्या भाच्याने एका जुन्या मारुती ८०० मध्ये स्वतः बनवलेला वूफर बसवला, तेव्हा मला ते जवळून पाहायला मिळाले.

भाचा दौंडचा, माझ्या आपाचा धाकटा. दुल्हेभाई रेल्वेतून निवृत्त झालेले. पोरगा दहावीनंतर गाड्यांच्या वायरिंगच्या एका दुकानात कामाला लागला. २०१९ मध्ये साठवलेल्या पैशांतून त्याने २००४ सालची मारुती ८०० घेतली. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे इंजिन, साडेतीन मीटरही भरत नाही एवढी लांबी. आमच्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यातून नव्या कोऱ्या गाड्या बाहेर पडतात. पण आमच्या घरांच्या अंगणात उभी राहते ती अशी दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी. तिच्यात गाणे चांगले वाजावे, एवढीच त्याची हौस होती.

दुकानात तयार डबे मिळतात. पण कुठलाही स्पीकर कुठल्याही डब्यात घालतात, मग नुसती धडधड होते, सूर कळत नाही, असे त्याचे म्हणणे. "मामू, डब्बा अपने हाथ से बनाना है," म्हणत तो गाडी घेऊन शिरूरला आला. आमच्या आळीतल्या सुतारमामांवर त्याचा विश्वास होता.

स्पीकरला डबा कशाला लागतो, हे मला त्याने सांगितले. कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जातल्या आवाजात हे पुढचे आणि मागचे दोन्ही कडेने वळून एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून उघडा स्पीकर कितीही मोठा असला तरी त्याला खर्ज नसतो. मागचा आवाज मागेच कोंडून ठेवला, की पुढचा ऐकू येतो. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि शंकूला जागेवर परत आणते. ही युक्ती अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ च्या सुमारास स्पीकरमध्ये आणली. पुढे डब्याचे माप कागदावर कसे काढायचे याचे गणित ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते वाढवले. आज स्पीकरच्या खोक्यात जो चतकोर कागद येतो, त्यावर बारीक अक्षरांत याच दोघांचे आकडे छापलेले असतात. बहुतेक फिटर तो कागद फेकून देतात. भाच्याने तो पाकिटात घडी करून ठेवला होता.

त्याचा स्पीकर दहा इंची. कागदावरून त्याने काढले की सुमारे २७ लिटर हवेचा बंद डबा हवा. आतली मापे धरली ४० सेंटिमीटर लांब, ३० उंच आणि २४ खोल. गुणाकार २८,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे २८.८ लिटर. त्यातून स्पीकरचे लोहचुंबक आणि सांगाडा जी जागा खातो तो दीड लिटर वजा. मग फळीची जाडी १८ मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंनी मिळवून बाहेरचे माप ४३.६, ३३.६ आणि २७.६. हे सारे त्याने सुतारमामांच्या फळकुटावर पेन्सिलीने केले. ज्या पोराला गणितात दोनदा नापास केले होते, त्याला घनफळ येत होते. मार्कशीटवर त्यासाठी जागा नव्हती, इतकेच.

सुतारमामांनी एमडीएफच्या फळ्या कापल्या. फेव्हिकॉल लावून दर चार बोटांवर स्क्रू मारले, आतून सगळ्या सांध्यांत सिलिकॉन भरले. हवा निसटायला सुईएवढीही फट राहिली की डबा शिट्टी मारतो. शेवटचे सामान गादीवाल्या चाचांकडून आले. चाचा पिढीजात पिंजारी. कापसाऐवजी त्यांनी उशीत भरतात तो फायबर दिला, कारण कापूस दबून खाली बसतो. डब्यात हा मऊ भराव घातला की आतली हवा दाबताना तापते ती उष्णता तो शोषून घेतो आणि डबा आहे त्यापेक्षा थोडा मोठा असल्यासारखा वागतो. चाचांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "मतलब स्पीकर कू बी तकिया होना."

न्हावरा, चौफुला, पाटस असे करत आम्ही दौंडला पोहोचलो. चौफुल्याला कला केंद्रांच्या बाजूने ढोलकीचा आवाज येत होता. भाच्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, "मामू, वो बी डब्बाच है. लकडी, चमडा और अंदर हवा."

घरी दुल्हेभाईंनी पहिल्या दिवशी डब्याकडे पाहिलेही नाही. गाणीबजावणी त्यांना फारशी पसंत नाही. पोराने आयटीआय करून रेल्वेत लागावे, ही त्यांची इच्छा मोडली होती. बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले होते. आपाने मला बोलावले होते ते गाडीपेक्षा त्या दोघांसाठीच.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर दुल्हेभाई ओसरीत आले आणि डब्यापाशी उकिडवे बसले. त्यांची नोकरी डब्यांच्या तपासणीत गेली. गाडी थांबली की हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत जायचे. चांगले चाक घंटेसारखे वाजते. तडा गेलेले भद्द वाजते. दौंड जंक्शनवर रात्रीबेरात्री हेच ऐकत त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी बोटाच्या पेराने डब्याच्या सहाही फळ्या ठोकून पाहिल्या. मागच्या मोठ्या फळीवर बोट थांबले. तिथे आवाज पोकळ येत होता.

"ये बोलती है," ते म्हणाले. "चाक बोलना चाहिये, डब्बा नहीं. डब्बा चुप बैठना चाहिये."

भाचा काही बोलला नाही. स्पीकर लावायच्या भोकातून त्याने आत हात घातला, थोडा फायबर काढला आणि मागच्या फळीला आतून सागाची आडवी पट्टी चिकटवली. दुल्हेभाईंनी बॅटरी धरली. सकाळी त्यांनी पुन्हा ठोकून पाहिले आणि मान हलवली. मोठी फळी स्वतःच थरथरू लागली तर तिचा आवाज गाण्यात मिसळतो आणि सूर चिखल होतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. दुल्हेभाईंना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

वायरिंग मात्र पोराचे क्षेत्र. अँप्लिफायर दोनशे वॉटचा. तो पूर्ण जोरात चालला तर बॅटरीतून २५ अँपिअरच्या आसपास करंट ओढणार. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावरच ३० अँपिअरचा फ्यूज. "फ्यूज अँप के वास्ते नै, अब्बा, वायर के वास्ते," त्याने समजावले. लाल वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली आणि मध्ये फ्यूज नसला, तर बॅटरी शेकडो अँपिअर एकदम सोडते आणि गाडी पेटते. इंजिनच्या पत्र्यातून वायर आत घेताना त्याने भोकात रबरी बूच बसवले. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा केला. गाण्याची वायर दुसऱ्या बाजूने नेली, कारण ती पॉवरच्या वायरशेजारून गेली तर इंजिनची कुईकुई गाण्यात शिरते. दुल्हेभाई दाराशी उभे राहून बघत होते. घाईत सोडलेला एकही सांधा त्यांना सापडला नाही.

गाडी वाजली तेव्हा मी आत बसलो होतो. एवढ्याशा गाडीत एवढा खर्ज मावतो कसा, याचेच नवल वाटले. त्यालाही कारण आहे. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती गाडीत उभीच राहू शकत नाही. साधारण ७० हर्ट्झच्या खाली स्पीकर लाट सोडत नाही, तर गाडीतली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो. जागा जितकी लहान, तितका हा दाब जास्त. बंद डब्याचा आवाज जिथे खाली उतरू लागतो, तिथेच छोटी गाडी त्याला हात देते. मोठ्या गाडीला जे खर्चाने मिळते, त्यातले बरेचसे ८०० ला तिच्या लहानपणामुळे मिळते.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांचे यजमान कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेले. काकू भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाबा, गाणं काही ऐकू येत नाही, नुसती मांडणीवरची भांडी बोलतात. ह्यांचा डोळा लागत नाही बघ."

भाच्याने मोबाइल काढला. काकूंच्या दारात आवाज मोजला, आकडा ५२ आला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे तो कायद्यात बसत होता, आणि त्याने तसे बोलूनही दाखवले.

पण त्या आकड्यात एक गोम आहे. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या सवयीनुसार केलेले असते आणि कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून मीटर ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करतो. खरा आवाज ८० असला तरी मीटर ४५ दाखवतो. वीटभिंतीला आणि पत्र्याच्या छपराला ही वजाबाकी ठाऊक नसते. वरचे सूर भिंतीत अडकतात, खर्ज पलीकडे जातो. गाडीच्या काचा लावल्या की बाहेर गाणे उरत नाही, फक्त धपधप उरते.

मी हे सांगत होतो तेवढ्यात दुल्हेभाई म्हणाले, "हराम-हलाल बाद में देखेंगे. पडोसी की नींद का हिसाब पहले दे." मग पोराला जवळ बसवून लुकमानची आठवण काढली. सूरह लुकमानमध्ये बापाने मुलाला केलेला जो उपदेश आहे, त्यात आवाज खाली ठेवण्याचीही गोष्ट आहे.

आपण मुसलमानांनी हे विशेष समजून घ्यावे असे मला वाटते. मशिदीसमोरून आवाजाच्या भिंती जातात तेव्हा आतली नमाज कशी हलते, हे आपण सोसलेले आहे. अजानच्या भोंग्यावरून २०२२ मध्ये महाराष्ट्रात केवढे राजकारण झाले, तेही पाहिले. पण ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये आपलीच पोरे डीजे आणू लागली, तेव्हा अनेक ठिकाणी उलेमांना डीजे नको म्हणून आवाहन करावे लागले. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली. तेव्हा अनेक शहरांत मुस्लिमांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. तो समजूतदारपणा खरा होता. मात्र तो एका दिवसाचा सण नसावा. दुसऱ्याचा आवाज आपल्याला टोचतो तेव्हा आपण हक्काची भाषा बोलतो. आपला आवाज दुसऱ्याला टोचतो तेव्हाही तीच भाषा लागू असते.

भाच्याने शेवटी जे केले, ते कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. तो काकूंच्या स्वयंपाकघरात मांडणीपाशी जाऊन उभा राहिला आणि मित्राला गाडीत बसवले. फोनवरून सांगत आवाज कमी करत नेला. ताटल्यांची किणकिण थांबली, तिथे अँप्लिफायरच्या बटणावर नेलपॉलिशने लाल खूण केली. घराजवळ त्या खुणेच्या पुढे जायचे नाही. मग परत येऊन गाडीत बसला. त्या खुणेवरही गाणे भरदार होते, तबल्याचा डग्गा बोटाबोटाने कळत होता. डबा नीट बनला होता म्हणून ते शक्य झाले. फटीचा, पोकळ फळीचा डबा असता तर तेवढेच सुख मिळवायला बटण दुप्पट फिरवावे लागले असते.

आता त्याने दौंडमध्ये स्वतःची लहानशी टपरी टाकली आहे. दुल्हेभाई असरनंतर तिथे जाऊन बसतात आणि नवा डबा आला की सहाही फळ्या ठोकून पाहतात. कुणी "और जोर से" म्हणत आले तर पोरगा आधी त्याला गाडीबाहेर दहा पावलांवर उभे करतो आणि काचा लावून वाजवून दाखवतो. काही गिऱ्हाइके तेवढ्यावरून दुसरीकडे जातात. धंद्याला ते परवडत नाही, तरी तो जाऊ देतो.

त्याच्याकडे एक वही आहे. मराठीत लिहिलेली, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली, पण आकड्यांत एकही चूक नसलेली. गाडी, स्पीकर, लिटर, फ्यूज असे रकाने आखलेले आहेत. शेवटचा रकाना आहे 'शेजार'. आपल्या मोहल्ल्यांत अशा किती वह्या पडून असतील! त्या जमा करून कुणीतरी छापायला हव्यात.