बावीस पानांचा कागद

त्या वर्षी दशलक्षण पर्वात भाच्यानं पहिल्यांदा दहाही दिवस एकाशन धरलं होतं. अकरावीतलं पोर, कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून धरलं. अनंत चतुर्दशीला बस्तीच्या पायऱ्या चढताना तो मध्येच बसला. आई म्हणाली, "उपवासानं गळालंय पोर." वहिनी म्हणाली, "पारणं झालं की येईल ताकद." मीही तेच म्हणाले. मांडीवर काळेनिळे डाग होते, ते वहिनीनं सायकलवरून पडला असेल म्हणून सोडून दिले. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा ब्रश बदलला. असे आम्ही तीन आठवडे घालवले. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण लिहायला हवं, कारण आपल्या घरांतून उपवासाच्या नावावर किती तरी दुखणी अशी झाकली जातात. पोरगं पांढरंफटक पडलं, दम लागला, अंगावर मार न लागता डाग उठले, तर आधी रक्त तपासावं. पुण्य कुठं जात नाही.

रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी ऐंशी हजारांच्या पुढं होत्या. निदान झालं, अक्यूट ल्युकेमिया, त्यातला लिम्फोब्लास्टिक. मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी भावाला आणि मला समोर बसवून सांगितलं, हा आजार मुलांमध्ये पुष्कळदा पूर्ण बरा होतो, पण ह्याचा गट जास्त जोखमीचा आहे. वय दहाच्या वर आणि पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर, ह्या दोनांपैकी एक असलं तरी जोखीम वाढते, ह्याची दोन्ही आहेत. भाऊ त्यानंतरचं काही ऐकत नव्हता. मी वहीत लिहून घेत होते. सवय.

तिसऱ्या दिवशी तो कागद आला. कागद कसला, बावीस पानांचं पुस्तकच. नेहमीची औषधं तर सगळ्यांनाच मिळणार. पण अर्ध्या मुलांना त्यांच्या जोडीला आणखी एक औषध द्यायचं, दुसऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये बरीच वर्षं वापरात असलेलं, आणि ह्या जोडणीनं जोखमीच्या गटातली मुलं जास्त वाचतात का ते पाहायचं. तुम्हाला त्यात मुलाला घालायचंय का? घालायचं नसेल तर उपचारांत काही उणं होणार नाही. दोन दिवस घ्या, वाचा, विचारा.

धर्मशाळेच्या खोलीत दिव्याखाली बसून मी ते भाऊ-वहिनीला वाचून दाखवलं. मराठी होतं, पण कुणी केलं असेल देव जाणे. 'यादृच्छिकीकरण', 'प्रतिकूल घटना', 'प्रमुख अन्वेषक'. भाऊ म्हणाला, "अन्वेषक म्हंजे पोलीस काय गं आक्का?" तेवढ्यातही हसू आलं. मग मी प्रत्येक वाक्य आमच्या निपाणीकडच्या बोलीत फोडून सांगायला लागले. यादृच्छिकीकरण म्हणजे चिठ्ठी टाकणं. चिठ्ठी कॉम्प्युटर टाकणार. कुणाला जादा औषध मिळेल हे डॉक्टरबाईंच्याही हातात नाही.

इथं भाऊ भडकला. "माझ्या लेकराच्या जिवाची चिठ्ठी टाकालेत काय? गिनिपिग समजालेत काय?"

तो शब्द आपण सगळेच वापरतो. मला नंतर वाचताना कळलं की ह्या आजाराच्या औषधांत गिनिपिग खरोखरच आहे. 1953 साली जॉन किड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला दिसलं की गिनिपिगच्या रक्तातलं पाणी टोचलं की उंदरांतल्या लिम्फोमाच्या गाठी विरतात. त्यात एक एन्झाइम होतं, अ‍ॅस्पॅरजिनेज. ह्या रोगाच्या पेशींना एक अन्नघटक स्वतःला बनवता येत नाही, तो रक्तातून घ्यावा लागतो, आणि हे एन्झाइम तो रक्तातूनच संपवून टाकतं. पेशी उपाशी मरतात. पुढं ते जिवाणूंपासून मिळवायला लागले. भाच्याला मांडीत तेच टोचत होते.

आणि सदाफुली! आमच्या दारात, तुमच्या दारात, बस्तीच्या आवारात, कुणी पाणी घातलं नाही तरी फुलणारी. साखरेच्या रोग्यांना तिची पानं चावायला सांगतात ना, तीच कुणकुण ऐकून शास्त्रज्ञांनी ती मधुमेहासाठी तपासायला घेतली. साखरेवर फार काही निघालं नाही, पण पांढऱ्या पेशी खाली येतात असं दिसलं. तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टिन निघालं. (म्हणून कुणी पानांचा रस काढून पिऊ नका. किलो-किलो पानांतून कणभर निघतं, आणि झाड विषारी आहे. मला फोन करून विचारणाऱ्या दोघीजणी होत्या, म्हणून लिहिते.) डॉनोरुबिसिन मातीतल्या सूक्ष्म जिवापासून. आणि पाठीच्या कण्यातून देतात ते मेथोट्रेक्सेट ज्या घराण्यातलं, त्याच्या मुळाशी आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून आलेलं अमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. 1948 मध्ये त्यांनी छापलं, सोळा मुलांपैकी दहांचा आजार हटला. काही महिन्यांसाठीच. सगळी पुढं गेली. पण तोपर्यंत काही महिनेही कुणी पाहिले नव्हते.

त्या सोळा मुलांच्या आयांनी काय वाचून होकार दिला असेल? तेव्हा बावीस पानं नव्हती.

पुढची गोष्ट जोडण्यांचीच आहे. एका औषधानं आजार जायचा आणि परत यायचा. 1960 नंतर फ्राय आणि फ्रायराइक ह्या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी चार औषधं एकदम द्यायचं धाडस केलं. चार विषं एकदम, तीही लेकरांना. लोकांनी त्यांना निर्दय म्हटलं. मग मेम्फिसला डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला डोक्याला किरण आणि कण्यात औषध असं सगळं एकत्र आणलं आणि त्या दशकाच्या शेवटी निम्मी मुलं बरी व्हायला लागली. आपल्याकडं 1980 नंतर मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांनी एकच ठरलेली जोडणी वापरायला घेतली, एमसीपी 841 तिचं नाव, आणि आपलीही मुलं वाचायला लागली. त्यातलं मूळचं औषध एकही नवं नव्हतं. कोणतं कधी, किती, कशाच्या जोडीला, एवढंच शोधायचं होतं, आणि ते कागदावर शोधता येत नाही. आधीच्या कुणाच्या तरी लेकरावरच ते कळलेलं असतं.

हे मी भावाला त्या रात्री एवढं नीट सांगू शकले नाही. निम्मं मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंदूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती सासरी तिकडं तीस वर्षं आहे. "सही करू नकोस म्हणावं दादाला. आमच्याकडं काय झालं होतं विसरलीस का?" विसरले नव्हते. इंदूरला सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णांवर न सांगता औषधांच्या चाचण्या झाल्याचे आरोप झाले होते, पेपर भरून येत होते. तिथल्याच एका संस्थेनं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका नेली. तिचा राग खोटा नव्हता. पण त्या याचिकेमुळंच पुढं नियम आवळले गेले, नुकसानभरपाई आली, 2019 मध्ये नवी नियमावली आली. आमच्या हातातल्या बावीस पानांतली निम्मी पानं इंदूरच्या त्या माणसांची होती, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुझं तू बघ," आणि फोन ठेवला. दोन दिवस बोलली नाही.

डॉक्टरबाईंकडं मी प्रश्नांची यादी घेऊन गेले. पहिला प्रश्न भावाचा, चिठ्ठी का? तुम्हाला औषध चांगलं वाटतंय तर सरळ द्या की. त्या म्हणाल्या, "चांगलं वाटणं आणि चांगलं असणं ह्यात फरक आहे. मी निवडायला लागले तर धट्टीकट्टी मुलं नव्या औषधाला घेईन, नकळत घेईन. मग ती वाचली ती औषधानं की मुळातच धट्टीकट्टी होती म्हणून, कसं कळणार?" दुसरा, नुकसान काय? सदाफुलीच्या औषधानं बोटं बधिर होतात, जादा औषध त्यात भर घालू शकतं. जंतुसंसर्ग वाढू शकतो. काहीच फायदा न होता हे सगळं होऊ शकतं. हे त्या स्वतःहून म्हणाल्या. तिसरा, मधूनच बाहेर पडता येईल का? कधीही, कारण न सांगता.

सोळा वर्षांच्या मुलाचीही लेखी संमती लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं. बारा ते अठरा वयाच्या मुलानं स्वतः सही करायची. त्याच्यासाठी वेगळा चार पानी कागद होता आणि सांगते, त्याचं मराठी चांगलं होतं. आम्ही इतके दिवस त्याच्या खोलीबाहेर कुजबुजत होतो! त्यानं तो वाचला, मोबाईलवर चाचणीची सरकारी नोंदणी आहे का ते शोधलं (2009 पासून ती सक्तीची आहे, हे त्यानंच मला सांगितलं), आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "मला जादा औषध नाही मिळालं, तर माझा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "तुझ्याशी तुलना केल्याशिवाय दुसऱ्याला फायदा झाला की नाही, मला कळणारच नाही." त्यानं सही केली. मग भावानं केली. वहिनीनं केली ती रडत.

आईला गावाकडं फोनवर सांगितलं. ऐंशीची आहे, रोज स्वाध्याय चुकत नाही. गिनिपिगचं आणि उंदरांचं मी तिला सांगायला नको होतं, पण ती खोदून विचारते. बराच वेळ गप्प बसली. हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मी विचारलं, "ह्यातली कुठली गं ही?" ती म्हणाली, "मला नाही ठरवता यायचं. महाराजांना विचारीन. पर पोराला औषध द्या आधी." महाराज काय म्हणाले ते तिनं कधी सांगितलं नाही. पण दिवाळीत लक्षात आलं, ती तूप घेत नाही. रसत्याग. विचारलं तर "कोलेस्टेरॉल" म्हणाली.

वहिनीला तिथं पहिल्यांदा हसताना पाहिलं ते आहाराच्या बाईंसमोर. बाई सांगत होत्या, पाणी उकळलेलंच प्यायचं, अन्न ताजं, शिळं अजिबात नाही, उघड्यावरचं नाही, कच्चं नाही. वहिनी म्हणाली, "ओ बाई, आमच्या सासूबाई वीस वर्षं हेच सांगालेत." मग बाई म्हणाल्या, बटाटा द्या उकडून, पोटाला जड नाही. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिनं दिला.

चिठ्ठी निघाली ती नेहमीच्या औषधांची. जादा औषध नाही. भाऊ त्या दिवशी उलटाच चिडला, "मग एवढं केलं कशाला?" सुटका झाली म्हणून चिडला की हुकलं म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शेजारच्या खाटेवर कोकणातला एक मुलगा होता, त्याला जादा औषध मिळालं. दोघांची आई एकमेकींच्या पोराच्या रिपोर्टकडं जी बघायची, ते बघणं मला आवडायचं नाही आणि समजायचंही.

पहिल्या महिन्यानंतर हाडातला मगज तपासतात, दहा हजार पेशींत एक वाईट पेशी उरली असेल तरी सापडावी इतका बारीक. भाच्याचा तो तपास चांगला आला. कोकणातल्या मुलाचाही आला. त्यावरून काही ठरत नाही, दोन मुलांवरून काहीच ठरत नाही, हे मला आता इतकं पाठ झालंय की शेजारणी "अमक्याला तमक्या काढ्यानं गुण आला" म्हणाल्या की मी विचारते, किती जणांना? त्यांना वाटतं मी शिष्ट झालेय.

आता तो घरी आहे, कॉलेजला जातो. रोज गोळ्या चालू आहेत, आणखी बरेच महिने चालतील. त्यातली एक रात्री झोपताना, रिकाम्या पोटी. आमच्याकडं सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणारं घर. आईनं पहिल्याच दिवशी मिटवलं, "औषध-पाण्याची सूट असती." रात्री साडेनऊला ती स्वतः उठते, गाळून उकळलेलं पाणी तांब्यात घेते, गोळी त्याच्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. चाचणी अजून चालू आहे. जादा औषधानं फरक पडला की नाही, ते सगळ्या मुलांचा हिशेब लागल्यावरच कळेल.

गेल्या महिन्यात भाऊ त्याला तपासणीला घेऊन गेला होता. संध्याकाळी फोन आला. मागून गर्दीचा आवाज, नंबर पुकारत होते. म्हणाला, "आक्का, हितं एकजण बसल्यात शेजारी, गडहिंग्लजकडचे. लेकीला कालच धरलंय. त्यांच्या हातात तसलाच कागद हाय. विचारालेत, सही केलती काय म्हणून. मी म्हटलं केलती, पर वाचून केलती. आता मला काय सांगता येतंय? तू बोल."

मी गॅस बंद केला, जुनी वही काढली आणि म्हटलं, "दे त्यांना. पहिलं पान उघडायला सांग."