लाल शाईच्या नोंदी

बेळगावात राहणाऱ्यास पलटण परकी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र याच शहरात. भोवतालच्या खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या मुलगे भरती होत आले, आणि निवृत्त झाल्यावर कागदपत्रांच्या गाठी सोडवून घेण्यास आम्हां वकिलांच्या पायऱ्या चढत आले. ती कागदपत्रे वाचताना एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकते. माणूस कितीदा प्यायला, हे तेथे तारीखवार लिहिलेले असते. तो का प्यायला, याविषयी बहुधा एक ओळही नसते.

कायद्याची दृष्टीच तशी आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे ४८ वे कलम नशेत सापडणे हाच अपराध मानते, मग शिपाई कामावर असो वा नसो. जेथे हाताशी बंदूक असते, तेथे ही कठोरता समजण्याजोगी आहे. परंतु त्याच शिपायास कँटीनमधून स्वस्त रम ठरल्या प्रमाणात मिळते, आणि चारचौघांत घेतलेला पेला हा पलटणीतला शिष्टाचारच ठरतो. तो पेला चारचौघांतून उठून एकांतात कधी जाऊन बसला, हे मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही.

आमच्याकडे आलेले एक निवृत्त हवालदार तासभर पेन्शनविषयी बोलले आणि उठता उठता म्हणाले, "साहेब, मजेसाठी नव्हतो घेत. झोपेसाठी घेत होतो." सीमेवरचा पहारा, घरी आजारी आई, भावकीत अडकलेली जमीन आणि न मिळालेली रजा, हे सारे त्या एका वाक्यात होते. मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्री झोप मोडते. मोडल्या झोपेने मन खचते, आणि खचलेले मन पुन्हा बाटलीकडे धाव घेते. नैराश्य आणि व्यसन ही अशी एकमेकांस पोशीत राहतात. शिपायास मात्र 'पितो' म्हणवून घेणे सोपे जाते. 'मन लागत नाही' असे म्हणणे त्यास भ्याडपणाचे वाटते.

सैन्यात गंभीर शिक्षेची नोंद लाल शाईने होते. अशा चार नोंदी झाल्या, एवढ्यावरूनच जवानास घरी पाठविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. आधी निःपक्षपाती चौकशी व्हावी, आणि त्याने किती वर्षे सेवा केली, किती खडतर ठिकाणी काढली, हेही पाहिले जावे. शाईच्या मागचा माणूस पाहा, असा त्या निकालाचा अर्थ आम्ही घेतो.

आपण गावकरी तेवढे तरी करतो काय? पिणारा जवान रजेवर आला की आपण त्यास देवळात नेतो, भंडारा उचलून शपथ घ्यावयास लावतो, गळ्यात तुळशीची माळ घालतो. माळेने कित्येकांचे संसार सावरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि वर्षानुवर्षे अतोनात पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून माळेबरोबर डॉक्टर हवा. शिवाय शपथ मोडली, तर मूळच्या दुःखावर देवाचा अपराधी झाल्याचे ओझे चढते, आणि तो माणूस देवळाची वाटच सोडतो.

मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे; तिचा क्रमांक १४४१६. सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्ष २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. हा क्रमांक देवळाच्या फलकावर, पालखीच्या वेळापत्रकाशेजारी लिहावयास काय हरकत आहे?

जत्रेत आपण जवानास श्रीफळ देतो, तो हात जोडून ते घेतो आणि घरी जातो. त्या श्रीफळाबरोबर कोणी वडीलधाऱ्याने त्यास बाजूला घेऊन एवढेच विचारावे, "बाळा, रात्री झोप लागते ना?" आणि तो बोलू लागला, तर घाईने उपदेश करू नये, ऐकावे.