शिसं हलकं की जड

गळ कोणता घ्यावा यावर मी कुणाशी वाद घालत नाही. जाड तारेचा, आखूड दांड्याचा, बस्स. महासीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि खेकड्याची पाठ फोडणारा तो मासा बारीक तारेचा गळ चुरगाळून परत करतो. एच. एस. थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात महासीरच्या तोंडाच्या या ताकदीबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यात माझी भर पडण्यासारखं काही नाही.

माझी हयात गेली ती शिशात. गळाच्या वर हातभर अंतरावर जे शिसं बसतं ते किती वजनाचं असावं, एवढाच प्रश्न. महासीर आमिष चावत नाही, ओढून घेतो. ओठ पुढे काढतो, वाळू-खड्यांसकट आत घेतो, नको ते थुंकतो. आत घेणं आणि थुंकणं यांच्यामधल्या वेळात माणसाला कळलं पाहिजे. शिसं जड असलं तर ते दगडाला बसून राहतं आणि आमिष एका जागी बांधल्यासारखं पडतं. वाहत्या पाण्यात एका जागी पडलेल्या दाण्याकडे मोठा मासा जात नाही. हलकं असलं तर धार ते वर उचलते आणि आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जातं. हवं असतं या दोन्हींच्या मधलं. धारेने ढकललं की सरकावं, धार जराशी मंदावली की थांबावं. असं शिसं तळाच्या गोट्यांवरून चालतं तेव्हा तंगूसवर ठेवलेल्या पहिल्या बोटाला टिक, टिक असं लागतं, वैद्याच्या बोटाला नाडी लागावी तसं. ती टिकटिक थांबली की मासा. ओढ लागायची वाट बघणाऱ्याला महासीर मिळत नाही.

शिसं मी दुकानातून घेतलं नाही. भोयांच्या फेकजाळ्याच्या घेराला शिशाच्या लांबट नळ्या असतात. जुनं जाळं मोडीत निघालं की त्या मागून आणायच्या. चाकूने तुकडा कापायचा, आतलं भोक सुईने मोकळं करायचं, मग नदीच्याच गोट्यावर ठेवून हातोडीने हलके ठोके द्यायचे. एक बाजू चपटी, दुसरी तशीच गोल. चपटी बाजू खाली बसते तेव्हा शिसं थांबतं, धार गोल बाजूला धरते तेव्हा उलटतं. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर तंगूस तिथेच कापला जातो. सगळी करामत या चपट्या बाजूत आहे. ठोका जास्त पडला तर ते शिसं वाहत्या पाण्याच्या कामाचं राहत नाही.

याचा मला गर्व होता, आणि तो लपवायचं काही कारण नाही. शेगावची, अकोल्याची हौशी मंडळी महागड्या काठ्या घेऊन वान नदीवर यायची आणि दुकानातली शिसं माझ्या हातावर ठेवायची. मी तळहातावर ते तोलायचो, पाण्याकडे एकदा बघायचो आणि म्हणायचो, “एवढं कापा.” वजनकाटा मला लागत नसे. त्यांनी कापलं की टिकटिक लागायची. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मला माशापेक्षा गोड होतं. माझी शिशाची डबी मात्र कधी कुणापुढे उघडली नाही.

आता बोटं गेली. शुगरने आधी पायांचे तळवे बधिर झाले, मग बोटांचे शेंडे. तंगूस बोटावर असतो हे डोळ्यांना दिसतं, बोटाला कळत नाही. अंगठ्यावर धरून पाहिलं, ओठाला लावून पाहिलं. ओठाला थोडं कळतं, पण ओठाशी तंगूस धरून नदीत किती वेळ उभं राहणार? म्हणून भाच्याला सोबत न्यायला लागलो. गाठ तो मारतो, बोटही त्याचंच. मी काठावरून विचारतो, “लागते का?”

तो म्हणाला, “मामा, पाणी वायतच नाही, तं शिसं कायले हालन?”

त्याचं खरं आहे. वारी गावाजवळ हनुमान सागर धरण झाल्यापासून खालच्या वानला पावसाळा सोडला तर धार अशी राहिलेली नाही. डोह आहेत, मध्ये कोरडे गोटे आहेत. वानचं पाणी आता १४० गावांच्या योजनेतून संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या घरांत नळाने जातं. मला याबद्दल तक्रार करता येत नाही. पूर्णेकाठचा आमचा सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजाराने गेलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांत माझा थोरला भाऊ आहे. माझ्या शिशाला लागणारी धार आज कुणाच्या तरी माठात आहे. ती तिथेच असावी. पण हातातलं कसब त्या धारेवरच घडलेलं आहे, त्याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

भाच्याने मोबाइलवर इंग्लंडातली पद्धत शोधली. तिथल्या सेव्हर्न नदीत बार्बेल असतो. महासीरसारख्याच मिशा, तसंच तळाशी चरणं. १९५६ साली तो दुसऱ्या नदीतून आणून तिथे सोडला. तिथली मंडळी शिसं जड आणि पक्कं लावतात, दाणा गळावर न ओवता गळाजवळच्या आखूड धाग्यावर ओवतात. मासा दाणा ओढतो, मोकळा गळ सोबत आत जातो, पळू लागला की शिशाच्या वजनाने आपोआप अडकतो. काठी टेकवून ठेवा, घंटी वाजली की उठा. मला ही पद्धत पसंत नाही. मासा स्वतःच अडकणार असेल तर माणूस तिथे कशाला हवा? पण थांबलेल्या डोहात भाच्याचं जड शिसं बरोबर आहे आणि माझं चुकीचं, हे मला मान्य करावं लागतं. तिथे टिकटिक नाही, मग ती ऐकणारं शिसं कशाला?

एका गोष्टीवर मात्र मी त्याचं ऐकणार नाही. तो म्हणतो, धरणात महासीरची बोटुकली आणून सोडू. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला १९७०च्या दशकापासून महासीरची पैदास केली, हे काम मोठंच. पण तिथला महासीर कावेरीत नेऊन सोडला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महासीर मागे हटत गेला. २०१८ साली तो अति संकटग्रस्त माशांच्या यादीत आला, आणि संशोधक त्यामागे या पाहुण्याचाही हात मानतात. वानमध्ये जे उरलं असेल ते मेळघाटच्या डोंगरातलं आहे. त्यात दुसरीकडचं बी मिसळू नये.

तोटे फोडून, ब्लीचिंग टाकून मासे काढणाऱ्यांशी माझा वाद नाही, कारण त्यांना मी मासेमार मानत नाही. बारीक आसाची नायलॉन जाळी लावणाऱ्यांशी आहे, कारण त्यांतले बरेच माझ्या ओळखीचे आहेत. वान पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, त्याच्या खाली हतनूरचं धरण आहे. खालून नवा महासीर वर यायची वाट तिथे अडली आणि इकडे वारीची भिंत. जे मासे मधे आहेत तेवढेच आहेत.

पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी धारेविरुद्ध चढते आणि भिंतीखाली येऊन अडते. पाणी गढूळ असतं, मासे दाटीने असतात, जाळं टाकलं की भरतं. गड्यांनो, आषाढापासून भाद्रपद सरेपर्यंत त्या डोहांत जाळं टाकू नका, गळही टाकू नका. वर मेळघाटच्या अभयारण्यात तर मासेमारीला बंदीच आहे. पुढे दिवाळीनंतर गळ टाकाल तेव्हा टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून घ्या, म्हणजे ओठ न फाडता मासा सोडता येतो.