पाणीमंत्री

"तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग स्मरणिकेसाठी काहीतरी खुसखुशीत लिहून द्या!"

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. पण सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या काकू दारात उभ्या होत्या, हातात पावतीपुस्तक होतं, आणि लेख नाहीतर जाहिरात असा रोखठोक मामला होता. अर्ध्या पानाच्या जाहिरातीचा दर ऐकला आणि मी लेखक झालो.

विनोदी लिहायचं म्हटल्यावर मराठी माणूस जे करतो तेच मी केलं. पु.लं.सारखं लिहायला बसलो. लहानपणी कॅसेटवर इतकं ऐकलंय की ते कुठे थांबतात, कुठे खाकरतात तेही पाठ आहे. अडचण एवढीच, की थांबणं त्यांचं आणि वाक्यं माझी! शनिवारची अख्खी दुपार त्यात घालवली. बायकोनं शांतपणे सगळं वाचलं आणि विचारलं, "छान आहे. हसायचं कुठे?"

मग मला गिऱ्हाईक सापडलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका.

काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सोसायटीच्या पाण्याचा पंप सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तेच सुरू करायचे. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही. पंपाच्या खोलीत एक रजिस्टर, त्याला दोरीनं बांधलेलं पेन. मी त्यांचं नाव ठेवलं 'पाणीमंत्री'. खोलीची किल्ली ते जानव्याला बांधतात, कोण किती तांबे पाण्यानं आंघोळ करतं याची नोंद ठेवतात, मेव्हण्याच्या लग्नाला पंपाची परवानगी घेऊन जातात... असं काय काय ठोकून दिलं. यातलं एकही खरं नव्हतं, पण लेख फर्मास झाला असं मलाच वाटलं.

काकूंनी आग्रह केला म्हणून विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी स्टेजवर वाचून दाखवला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. काका तिसऱ्या रांगेत होते. तेही हसत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला, तो मी हसून हसून पाणी आल्याच्या खात्यात जमा केला.

चार दिवसांनी वॉचमन किल्ली घेऊन दारात. "काकांनी कमिटीला द्यायला सांगितली." कमिटीनं किल्ली वॉचमनलाच दिली. त्या आठवड्यात एका रात्री टाकी तासभर वाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, माझ्या डोक्यावर शाम्पू असताना, नळ फुस्स् करून बंद पडला.

टॉवेल गुंडाळून बादलीसाठी शेजारी जाताना जो साक्षात्कार होतो तो मलाही झाला. संध्याकाळी काकांकडे गेलो.

"काका, लेखाचं माझं चुकलं."

"चुकलंय तर खरंच. तू तीन एचपी लिहिलंयस. पंप पाचचा आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. चहा ठेवायला आत गेले आणि तिथूनच बोलत राहिले. "अरे, लेखाचं काही नाही रे. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं पोरगं 'पाणीमंत्री आले' म्हणालं. मग किल्ली घेऊन खाली जायची लाज वाटायला लागली. तुझी काकू गेल्यापासून दिवसात ठरलेल्या वेळा त्या दोनच होत्या."

यावर काय बोलायचं असतं? मी चहा प्यायलो. निघताना त्यांनी रजिस्टरांचा गठ्ठा हातात दिला. आठ वर्षांचा. "तू इंजिनिअर आहेस, वेळा बघून ठेव. उन्हाळ्यात बदलतात."

रात्री वेळा बघायला बसलो आणि दोन वाजेपर्यंत वाचत राहिलो. नमुना म्हणून तीन नोंदी देतो, शब्द त्यांचेच.

'४०३ मधून फोन. पाणी नाही. जाऊन पाहिले. नळ उघडलेला नव्हता.'

'वॉचमन म्हणतो पंप आपोआप बंद झाला. वॉचमन खोटे बोलत नाही. पंपही नाही. वीज गेली होती.'

'टाकीत कबूतर पडले. काढले. जिवंत. टाकी रिकामी करून धुतली. कोणास सांगितले नाही.'

बायको उठून बाहेर आली, एवढा मी हसत होतो. मी जानवी-बिनवी जोडत बसलो होतो आणि हा माणूस आठ वर्षं, हसवायचा जराही विचार न करता, पंपाच्या खोलीत उभ्या उभ्या हे लिहीत होता!

कबुतरावरून मला आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवली. इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिलेले असतात त्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. भयंकर कोरडं वाचन. त्यातला ११४९ नंबरचा, १ एप्रिल १९९० चा, कबुतरांमार्फत डेटा कसा पाठवावा यावर आहे. डेटा कागदावर छापा, गुंडाळी करा, पक्ष्याच्या पायाला चिकटपट्टीनं बांधा. नेहमीचे सगळे मथळे, नेहमीची भाषा, कुठे डोळा मारणं नाही. पुढे २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या काही लिनक्सवाल्यांनी ते खरोखर करून पाहिलं. नऊ पॅकेट पाठवली, चारांची उत्तरं आली. सगळ्यात जलद उत्तराला पन्नासहून जास्त मिनिटं लागली! (आमच्या ऑफिसचं व्हीपीएन याच तत्त्वावर चालत असावं.) लेखकानं मधेच 'कशी गंमत केली' असं म्हटलं असतं तर कोण कशाला कबुतरं शोधत फिरलं असतं?

मग कपाटातून चिं. वि. जोशींचा चिमणराव काढला. चिं. वि. बडोद्याला पाली शिकवायचे, पुढे तिथल्या राजदफ्तराचं कामही त्यांनी बघितलं. म्हणजे हेही रजिस्टरांतलेच. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, आणि तीही अगदी गंभीरपणे. आपण किती शहाणपणानं वागलो हेच त्याला सांगायचं असतं. शाळेत असताना हे वाचून मी लोळून हसलो होतो, पण फजिती कोणाची चाललीय आणि ती सांगतोय कोण, हे तेव्हा बघितलंच नव्हतं. माझ्या लेखात फजिती काकांची होती आणि सांगणारा मी मात्र शहाणा, स्टेजवर, इस्त्रीच्या कुर्त्यात.

किल्ली काकांनी लगेच परत घेतली नाही. मग संध्याकाळचा पंप मी घेतला. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरलो. तेव्हा फोनमध्ये रिमाइंडर लावला, तो मीटिंगमध्ये वाजला आणि सगळ्या टीमसमोर स्क्रीनवर आला, 'टाकी!!!' टीम-लीडला वाटलं सर्व्हर बसला. दिवाळीच्या सुट्टीत टाकीला सेन्सर बसवला. त्यानं पहिल्याच दिवशी टाकी भरलीय असं कळवलं, आणि नंतर तीन दिवस तेच कळवत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून पंपाचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर काका. रजिस्टरमध्ये नोंद होती, 'सेन्सर समाधानी. टाकी रिकामी.'

पुढच्या वर्षी स्मरणिकेत मी यावरच लिहिलं. तारखा, वेळा, सगळं जसं घडलं तसं. छापायला द्यायच्या आधी काकांना वाचायला दिलं. त्यांनी लाल पेनानं दोन वेळा दुरुस्त केल्या, पाच एचपीखाली समाधानाची रेघ मारली, आणि एक अख्खा परिच्छेद खोडला.

"कबूतर नको."

"काका, अहो तेच तर सगळ्यात भारी आहे!"

"असेल. पण ते पाणी आठ वर्षांपूर्वी यातल्या निम्म्या लोकांनी प्यायलंय. आज उलट्या करतील."

स्मरणिकेत कबूतर नाही. इथे आमच्या सोसायटीतलं कोणी फिरकत नाही, या भरवशावर लिहिलंय.